आषाढात महाशीर वर चढणार कुठून?

प्रश्न: अक्राणी तालुक्यात आमच्या गावाजवळून नर्मदेला मिळणारी नदी वाहते. डिसेंबर २०२३ पासून तिच्यावर एका खासगी कंपनीचा २ मेगावॅटचा वीजप्रकल्प सुरू आहे. साधारण ३ मीटर उंचीचा काँक्रीटचा बंधारा आहे आणि तिथून पाइपने पाणी अडीच किलोमीटर खालच्या वीजघरात नेतात. मधला पट्टा डिसेंबरपासून मेपर्यंत कोरडा असतो. पावसाळ्यात सरदार सरोवर धरणाच्या फुगवट्यातून वर चढणारा महाशीर मासा बंधाऱ्याखालीच अडतो. वीजघर संध्याकाळी चालू होते, रात्री एकदम बंद होते आणि खालच्या डबक्यांत पिल्ले मरून पडतात. आमच्या मच्छिमार संस्थेने विचारले, तर ‘एवढ्या लहान प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी लागतच नाही’ असे सांगण्यात आले. अमेरिकेत ट्राउट माशासाठी धरणे पाडली, तसे इथे होईल का? भरपाई मिळेल का? गावातली पोरे बंधारा फोडायच्या गोष्टी करू लागली आहेत. – संस्थेचा सचिव, जि. नंदुरबार

उत्तर: भाऊ, आधी पोरांना आवरा. बंधारा सरकारी मालमत्ता ठरला, तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध अधिनियम, १९८४ लागतो. पाणी आणि विजेच्या कामाची नासधूस केली, तर त्यात किमान ६ महिने आणि कमाल ५ वर्षे सक्तमजुरी आहे. बंधारा खासगी ठरला तरी फौजदारी गुन्हा टळत नाही. वर पुढच्या प्रत्येक सुनावणीत समोरचा वकील माशांवर न बोलता त्याच गुन्ह्यावर बोलेल.

आता ट्राउट. तुम्ही म्हणता ती एल्व्हा नदीवरची दोन धरणे. ती २०११ ते २०१४ या काळात पाडली, पण त्यासाठी तिथल्या संसदेने १९९२ मध्ये खास कायदा केला होता. तिथे खासगी जलविद्युत धरणाला मुदतीचा परवाना असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी मासे चढण्यासाठी वाट बांधायची अट सरकार घालू शकते. शिवाय बुल ट्राउट १९९९ पासून त्यांच्या संरक्षित यादीत आहे. आपल्याकडे असा तयार रस्ता नाही. म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे, म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायपीठाकडे, जो अर्ज करायचा त्यात ‘बंधारा पाडा’ ही मागणी लिहू नका. ‘कोणत्या महिन्यात, किती पाणी, कुठून सोडायचे’ ही मागणी लिहा. ती मंजूर होण्यासारखी आहे, आणि महाशीरला खरी गरजही तिचीच आहे.

परवानगीबाबतचे उत्तर अर्धे खरे आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत २५ मेगावॅटखालचे जलविद्युत प्रकल्प बसत नाहीत. प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या वर्गवारीतही ते ‘पांढऱ्या’ संवर्गात येतात, म्हणजे संमतीपत्राऐवजी नुसती सूचना पुरते. पण परवानगी लागत नाही याचा अर्थ नदी कोरडी करायचा हक्क मिळाला असा होत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ९ ऑगस्ट २०१७ च्या आदेशात देशातल्या सर्व नद्यांत कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहते ठेवायला सांगितले आहे. त्या आदेशात मेगावॅटची अट नाही. बंधारा, पाइपलाइन किंवा रस्ता वनजमिनीवर असेल, तर १९८० च्या वन अधिनियमाखालची मंजुरीही लागते, प्रकल्प कितीही लहान असो. ती घेतली का आणि घेतली असल्यास कोणत्या अटींवर, हे ‘परिवेश’ या केंद्राच्या पर्यावरण-वन मंजुऱ्यांच्या संकेतस्थळावर शोधा.

एक अडचण मात्र आहे. १५-२० टक्क्यांचा हिशेब कोरड्या हंगामाचा आहे. महाशीर चढतो आषाढ-श्रावणात आणि अंडी घालतो वरच्या खडी-गोट्यांच्या, स्वच्छ, खळाळत्या पाण्यात. नुसता तो आदेश जोडून अर्ज केला, तर उन्हाळ्यात पाइपभर पाणी मिळेल आणि पावसाळ्यातली चढण बंदच राहील. मोठ्या जलविद्युत प्रकल्पांचे मूल्यांकन करताना केंद्राच्या तज्ज्ञ समित्या साधारणपणे कोरड्या महिन्यांत २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के आणि मधल्या महिन्यांत २० ते २५ टक्के प्रवाह धरतात. तुमच्या प्रकल्पाला ते बंधनकारक नाही, पण मागणीला आधार म्हणून तेच आकडे धरा.

आता मुदत. इथेच बहुतेक अर्ज मरतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १४ खाली वादाचे कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत जावे लागते, पुरेसे कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळतात. तुमचे कारण डिसेंबर २०२३ चे, म्हणजे ती मुदत कधीच संपली. दर हंगामात कारण नव्याने घडते असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर भिस्त ठेवू नका. अर्ज कलम १५ खाली करा. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करणे या दोन्हींसाठी तिथे ५ वर्षे आहेत, म्हणजे डिसेंबर २०२८ पर्यंत. ‘पूर्ववत करणे’ हे शब्द मागणीत आलेच पाहिजेत, नाहीतर अर्ज कलम १४ चा धरून मुदतीवर फेटाळला जाण्याचा धोका आहे.

दुसरी चूक कायद्यांच्या यादीत होते. न्यायाधिकरण फक्त आपल्या पहिल्या अनुसूचीतल्या कायद्यांखालचे प्रश्न ऐकते. त्यात जल अधिनियम १९७४, वन अधिनियम १९८०, पर्यावरण अधिनियम १९८६ आणि जैवविविधता अधिनियम २००२ आहेत. वनहक्क कायदा २००६ त्यात नाही, मत्स्यव्यवसाय अधिनियमही नाही. तुमच्या माणसांना वनहक्कच सर्वांत जवळचा वाटेल आणि ते योग्यही आहे, पण अर्जाचा पाया पर्यावरण आणि जैवविविधता अधिनियमांवर ठेवा. वनहक्क फक्त तुमचा संबंध दाखवण्यापुरता लिहा.

वनहक्काचे काम ग्रामसभेत समांतर चालू द्या. कलम ३(१)(घ) मध्ये जलाशयांतले मासे हा सामूहिक हक्क म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. गावाला सामूहिक हक्काचा दाखला आधीच मिळाला असेल तर तो काढून वाचा. त्यात मोह, डिंक, तेंदू असतो आणि मासे राहून गेलेले असतात, असे पुष्कळदा घडते. राहिले असतील तर नमुना ‘ख’ मध्ये स्वतंत्र दावा करा, डोहांची नावे घालून. ग्रामसभेला निम्मी उपस्थिती आणि त्यात एक तृतीयांश महिला लागतात. सह्या कमी पडल्या तर उपविभागीय समिती दावा परत पाठवते. या हक्काची पायमल्ली थेट न्यायालयात न्यायची झाल्यास ती उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात.

कागद गोळा करायला माहिती अधिकार वापरा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, म्हणून तीन वेगळे अर्ज करा, प्रत्येकी १० रुपये शुल्क. पहिला पाटबंधारे विभागाकडे: कंपनीशी झालेला करार, पाणी सोडण्याच्या अटी आणि नदीच्या प्रवाहाची दहा वर्षांची आकडेवारी. दुसरा महावितरणकडे: प्रकल्पातून रोज, शक्य असल्यास तासागणिक, मिळालेली वीज. तिसरा वनविभागाकडे. कंपनी खासगी असली तरी सरकारी कार्यालयात असलेले तिचे कागद मागता येतात. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

विजेचे आकडे कशाला? कारण विजेवरून पाणी मोजता येते. पाणी ८० मीटर उंचीवरून पडत असेल आणि यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर २ मेगावॅटसाठी सेकंदाला साधारण ३ घनमीटर पाणी लागते. ‘आम्ही पुरेसे पाणी सोडतो’ हा दावा त्यांच्याच बिलांवरून खोडता येतो. तुमच्या प्रकल्पाची खरी उंची करारात सापडेल.

नदीचा प्रवाह तुम्ही स्वतः मोजा. सरळ, गुळगुळीत १० मीटरचा पट्टा निवडा. रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरवर खोली मोजा, मग नारळ किंवा संत्रे सोडून वेळ लावा. निदान पाच वेळा मोजून सरासरी घ्या. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणा, कारण तळाचे पाणी सावकाश जाते. उदाहरणार्थ ३ मीटर रुंदी, २० सेंटिमीटर सरासरी खोली आणि १० मीटरला ४० सेकंद असतील, तर सेकंदाला सुमारे १२७ लिटर. बंधाऱ्याच्या वर, बंधाऱ्याखाली आणि वीजघराखाली एकाच दिवशी मोजा, महिन्यातून दोनदा. संस्थेच्या विक्रीच्या वह्या २०२३ च्या आधीच्याही लागतील. त्यांच्याशिवाय भरपाईचा आकडा टिकत नाही. मेलेल्या पिल्लांचा पंचनामा गावच्या महसूल अधिकाऱ्याकडून करून घ्या आणि सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना त्याच दिवशी लेखी कळवा. फोटो काढलेला फोन विकू नका. न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याने काटेकोर बांधलेले नाही, पण उच्च न्यायालयात गेलात तर फोटोंसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागेल.

समोरून येणारा पहिला वार ठरलेला आहे: ‘मासे गावकऱ्यांनीच जिलेटिन आणि ब्लिचिंग पावडर टाकून मारले.’ ग्रामसभेने आधीच ठराव करून आषाढ-श्रावणात बंधाऱ्याखाली जाळे लावायला बंदी घालावी, स्फोटके आणि विष कायमचे बंद करावे आणि ते पाळावे. ठराव न पाळणे हे ठराव नसण्यापेक्षा वाईट.

मागण्या तांत्रिक भाषेत लिहा. बंधाऱ्याच्या तळात झडप नसलेला पाइप बसवावा, म्हणजे ऑपरेटरला तो बंद करता येणार नाही. वीजघर एकदम बंद न करता पाणी टप्प्याटप्प्याने उतरवावे. कडेने दगडगोट्यांची उताराची वाट काढावी: १ ला २० उतार धरला तर ३ मीटर उंचीला ६० मीटर लांबी, १ ला ३० धरला तर ९० मीटर. तिचे खालचे तोंड बंधाऱ्याच्या पायथ्याशीच हवे, कारण मासा जोराच्या धारेकडे येतो. ते तोंड लांब काढले तर त्याला वाट सापडतच नाही.

‘बीज सोडतो’ हा पर्याय नक्की पुढे येईल. लोणावळ्याजवळ वळवण इथे जलविद्युत कंपनीचेच महाशीर बीज केंद्र आहे आणि ते काम मोलाचे आहे. पण तिथली निळ्या परांची जात कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा वशिंडाचा महाशीर आता अतिसंकटग्रस्त आहे. म्हणून बीज कोणत्या जातीचे आणि कोणत्या नदीच्या नर-मादीचे, हे लेखी मागा. पाण्याऐवजी बीज हा सौदा स्वीकारू नका.

ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवहीत महाशीर आणि त्याचे डोह नोंदवावेत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत एका लहानशा माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा माशासाठी हे होत नाही असे कोणी म्हणू नये.

सरदार सरोवराच्या पाणीपातळीचा प्रश्न या अर्जात ओढू नका. तो आंतरराज्य लवादाच्या १९७९ च्या निवाड्याचा विषय आहे. तो आला की तुमची छोटी नदी फाइलीत हरवेल.

अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठाकडे ऑनलाइन भरता येतो. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये, मागितली तर रकमेच्या १ टक्का. अनुसूचित जमातीच्या अर्जदाराला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. अर्ज नोव्हेंबरात दाखल होईल असे बघा. न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती पाहणीला पाठवते, आणि ती जुलैत आली तर तिला भरलेली नदीच दिसेल. पाहणीची तारीख कळली की आदल्या दुपारपासून बंधाऱ्याखाली दोन माणसे बसवा आणि दर तासाला पाण्याची पातळी वेळेसकट लिहून ठेवा. पाहणीपुरते पाणी सोडले गेले, तर ते त्या वहीत दिसायला हवे. वहीची प्रत समितीला त्याच दिवशी द्या, पोच घेऊन.