मॅडम, फी भरली आणि नोकरी नाही लागली तर?

बी.एस्सी.चे निकाल लागले की ठाण्यात माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला येणाऱ्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. मुलगी किंवा मुलगा प्राणिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फार्मसी असं काहीतरी शिकलेला असतो. एम.एस्सी.ची आणखी दोन वर्षं परवडणारी नसतात, किंवा त्यात मन नसतं. कुणीतरी सुचवतं, मेडिकल कोडिंग कर, म्हणजे अमेरिकेतल्या रुग्णांच्या आजार-उपचारांना विम्यासाठी ठरलेले कोड लावायचं काम, ऐरोलीला त्याच्या कंपन्याच कंपन्या आहेत. मग एखाद्या क्लासमध्ये चौकशी होते, फीचा आकडा कळतो आणि घरात वाद सुरू होतो.

कळव्याची एक मुलगी आणि तिची आई अशाच आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. मुलगी प्राणिशास्त्राची पदवीधर. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर, निवृत्ती जवळ आलेली. क्लासवाल्यांनी सांगितलं होतं, शंभर टक्के प्लेसमेंट, आणि शनिवारपर्यंत सगळी फी भरली तर सवलत. वडील त्यासाठी फिक्स्ड डिपॉझिट मोडायला निघाले होते. आईचा ठाम विरोध. तिच्या बहिणीचा मुलगा ऐरोलीला 'मेडिकल बिलिंग'मध्ये होता. संध्याकाळी गाडी न्यायला यायची, पहाटे सोडायची, वर्षभरात पोराची तब्येत उतरली. "मॅडम, पैसे पण आपणच द्यायचे आणि पोरीला रात्रभर बाहेर पण ठेवायचं?"

मुलगी गप्प होती. तिला थेट विचारलं तेव्हा म्हणाली, "फी भरली आणि नोकरी नाही लागली, तर बाबांना तोंड कसं दाखवू?"

मी आधी शनिवारचा विषय संपवला. चांगला कोर्स सोमवारीही चांगलाच असतो. घाई करायला लावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, एवढं एक मी सगळ्याच पालकांना कळकळीने सांगते.

मग आईच्या भीतीकडे वळलो, कारण ती खरी होती, फक्त चुकीच्या कामाला चिकटली होती. अमेरिकेत डॉक्टरने रुग्ण तपासला की त्याचे पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते. पण डॉक्टरची टिपणं वाचून ती पैसे देत नाही. आजार काय होता आणि उपचार काय केला, हे ठरलेल्या कोडमध्ये लिहून दावा पाठवावा लागतो. आजारासाठी आयसीडी-१०-सीएम, डॉक्टरने केलेल्या तपासणी-उपचारांसाठी सीपीटी. टिपणं वाचून हे कोड लावणारा तो कोडर. दावा तयार करणं, आलेले पैसे जमा धरणं, अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करणं ही बिलिंगची बाजू. त्यातलं एआर कॉलिंग म्हणजे तिथल्या विमा कंपनीला फोन करून 'हा दावा का नाकारला' हे विचारणं. ते रात्रीच होणार, कारण न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. मावसभाऊ ते काम करत होता. कोडरला फोनवर बोलायचं नसतं, टिपणं त्याच्यासमोर स्क्रीनवर असतात, म्हणून कोडिंगचं काम बहुतांशी दिवसपाळीत चालतं. ऑफर हातात आली की पाळी कोणती हे लेखी विचारायचं. आई हे ऐकून जरा सैल झाली.

राहिला मुलीचा प्रश्न. 'नोकरी लागेल का' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, क्लासवाल्यांकडेही नव्हतं. पण त्याआधीचा एक प्रश्न असतो आणि तो फुकटात सुटतो: हे काम तुला जमेल का, आवडेल का? हजारो रुपये भरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांनी कोर्स संपेपर्यंत एकही टिपण नीट वाचलेलं नसतं. ज्या कामात रोज आठ तास घालवायचे, ते फी भरण्याआधी हाताळून बघायला काहीच हरकत नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई कोडिंगच्या ऑडिटचं काम करतात. सरावासाठी त्यांनी बनवून दिलेली काही कल्पित टिपणं मी जवळ ठेवते. त्यातलं एक मुलीसमोर ठेवलं. ६८ वर्षांची बाई बाह्यरुग्ण विभागात आली आहे. खोकला आणि ताप. टाईप २ मधुमेह आहे. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार आहे, तिसरा टप्पा. शेवटी डॉक्टरने लिहिलंय, 'प्रोबेबल न्यूमोनिया'. आयसीडी-१०-सीएमचे नियम आणि कोडची यादी अमेरिकी सरकारच्या सीएमएस आणि सीडीसी या संस्थांच्या संकेतस्थळांवर मोफत मिळते. ती उघडून दिली आणि म्हटलं, शोध.

तिने न्यूमोनियाचा जे१८.९ शोधून काढला, मधुमेहाला ई११.९ लावला. दोन्ही चूक, आणि दोन्हींच्या चुका एकमेकींच्या उलट. बाह्यरुग्णाच्या बाबतीत डॉक्टरने 'बहुधा', 'शंका आहे' असं लिहिलं असेल तर तो आजार कोड करायचाच नाही. जे नक्की दिसलंय तेवढंच लिहायचं: खोकल्याचा आर०५.९, तापाचा आर५०.९. मधुमेहाचं मात्र वेगळं. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार दोन्ही नोंदलेले असतील, तर डॉक्टरने संबंध जोडून लिहिला नसला तरी नियम तो धरूनच चालतो, अर्थात डॉक्टरने स्वतः 'संबंध नाही' म्हटलं नसेल तर. म्हणून ई११.२२, आणि जोडीला टप्प्याचा एन१८.३०.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पुष्कळ मुलं इथे हात टेकतात. "असं कसं, डॉक्टरांनीच लिहिलंय ना" म्हणतात आणि फोन हातात घेतात. हीसुद्धा आधी तेच म्हणाली. पण मग म्हणाली, "हा नियम कुठे लिहिलाय? मला वाचायचाय." वाचल्यावर तिने आपण होऊन विचारलं, "हीच बाई ॲडमिट असती तर?" तिथे नियम बदलतो. रुग्ण दाखल असेल आणि घरी सोडतानाही निदान 'बहुधा न्यूमोनिया' असंच राहिलं असेल, तर तो आहे असं धरून कोड लावतात. तिने ते पान फोटो काढून घेतलं. हा प्रश्न मी विचारायला सांगितला नव्हता. तेव्हाच मला वाटलं, हिला हे काम मानवेल.

आई बाजूला बसून हे सगळं बघत होती. म्हणाली, "म्हणजे हे वकिलीसारखं आहे." मला ते अगदी पटलं. जीवशास्त्राचं ज्ञान लागतंच, शरीररचना आणि वैद्यकीय शब्द पाठ असावेच लागतात. पण खरी कसोटी बारीक अक्षरातले नियम न कंटाळता वाचण्याची असते. आणि ते नियम दर वर्षी बदलतात. आयसीडीचे नवे कोड १ ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे १ जानेवारीला. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ ला जुनी पद्धत सोडून आयसीडी-१० घेतली, तेव्हा आजारांचे कोड सुमारे १४ हजारांवरून सुमारे ७० हजारांवर गेले. उजवा हात की डावा, पहिली भेट की पुढची, सगळं वेगळं. एकदा शिकलो आणि सुटलो, असं इथे नाही.

वडिलांनी नंतर फोनवर एक प्रश्न विचारला, तो आजकाल प्रत्येक घरात निघतो. "मॅडम, हे सगळं एआय करणार म्हणतात. मग पोरीला त्यात कशाला ढकलायचं?" मी त्यांना खोटा दिलासा दिला नाही. टिपण वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअर्स आधीपासून वापरात आहेत. एक्स-रेचा अहवाल किंवा तसलं साचेबद्ध काम आधी त्यांच्याकडे जातं. ज्याला फक्त यादीतून कोड उचलता येतो त्याचं काम कमी होणार, असं माझं स्पष्ट मत आहे. पण सुचवलेला कोड टिपणात खरंच बसतो का हे तपासणं, गुंतागुंतीचं ऑपरेशन वाचणं, नाकारलेल्या दाव्यावर मुद्दा मांडणं, या जागी नियम समजलेलं माणूस लागतं. केलेल्या कामापेक्षा वरचा कोड जाणूनबुजून लावून पैसे घेणं अमेरिकेत कायद्याने गंभीर गुन्हा आहे, त्यामुळे तपासण्याची जबाबदारी कुणाला तरी घ्यावीच लागते. म्हणून शिकायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून 'का' शिका, असं मी त्यांना म्हटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती लहानपणापासून 'का' विचारूनच डोकं खाते."

फीचं काय ठरलं? फिक्स्ड डिपॉझिट मोडायचं नाही. पावसाळा संपेपर्यंत मुलीने घरीच शरीररचना, वैद्यकीय संज्ञा आणि आयसीडीचे मोफत नियम वाचायचे, रोज एक टिपण सोडवायचं. तेवढं नेटाने झालं तरच क्लासचा विचार. आणि क्लासला जाताना कोणते प्रश्न विचारायचे, ते आम्ही तिघींनी मिळून लिहून काढले. शिकवणारा माणूस स्वतः कोडिंग करतो किंवा केलेलं आहे का? पुस्तकं चालू वर्षाची आहेत का? सीपीटी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीचं आहे, ते मोफत नसतं, मग पुस्तक फीमध्ये आहे की वर पैसे? सबंध कोर्समध्ये किती टिपणं सोडवून घेता, आणि ती तपासून परत देता का? गेल्या तुकडीतल्या दोन मुलांशी बोलायला मिळेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटी जे सर्टिफिकेट देता ते तुमचं स्वतःचं की एएपीसीचं?

या शेवटच्या प्रश्नावर फार घोटाळा होतो. कंपन्या 'सर्टिफाईड' म्हणतात ते बहुतेकदा एएपीसी या अमेरिकी संस्थेची सीपीसी परीक्षा पास झालेल्यांना, किंवा एहिमा या दुसऱ्या अमेरिकी संस्थेच्या सीसीए, सीसीएस परीक्षा पास झालेल्यांना. सीपीसीला १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं उघडून लिहायची परवानगी असते, तरीही वेळ पुरत नाही, कारण पुस्तकात कुठे बघायचं हे हाताला माहीत नसेल तर चार तास पानं उलटण्यातच जातात. परीक्षेला बसायला सभासदत्व लागतं, पण अमुक क्लास केलाच पाहिजे अशी अट नाही. अनुभव नसताना पास झालं तर नावापुढे सीपीसी-ए लागतं, यातला 'ए' शिकाऊपणाचा. तो अनुभवानंतर निघतो. क्लासचं स्वतःचं रंगीत सर्टिफिकेट वेगळं आणि हे वेगळं.

त्या क्लासमध्ये मुलगी पुन्हा गेली. टिपणं किती, याचं उत्तर मिळालं नाही. प्लेसमेंटबद्दल लेखी मागितलं तर 'इंटरव्ह्यूची संधी' एवढंच लिहून द्यायला तयार झाले. ती तिथून उठून आली. त्या संध्याकाळी तिच्या आईचा आवाज मी पहिल्यांदा हसरा ऐकला.

सगळ्यांचं असं होत नाही, आणि ते बरंच आहे. घणसोलीचा एक बी.फार्म. झालेला मुलगा दोन संध्याकाळी टिपणं सोडवून म्हणाला, "मॅडम, मला समोर माणूस लागतो." त्याला एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे रुग्णांच्या विम्याचं काम बघणाऱ्या टेबलावर, काम मिळालं. कॅशलेसच्या परवानग्या, महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, नातेवाइकांना समजावणं. तिथेही बिलिंगच आहे, पण आपल्या इथलं. नियम वेगळे, उपचारांची पॅकेजं वेगळी, दिवसभर माणसांची गर्दी. तो तिथे खूश आहे. त्याने फी भरून कोडिंगचा कोर्स केला असता तर आज पैसे आणि उमेद दोन्ही गमावून बसला असता.

कळव्याच्या मुलीने पावसाळाभर अभ्यास केला. मग ठाण्यातच एका निवृत्त कोडरकडे शनिवार-रविवार शिकायला जाऊ लागली. छोटा गट, महिन्याला फी. नव्या पदवीधरांना घेऊन स्वतः शिकवणाऱ्या काही कंपन्या आहेत, त्यांच्या लेखी परीक्षांना ती जात राहिली. कळव्याहून आधी ठाण्याला यायचं, तिथून ट्रान्स-हार्बर पकडून ऐरोली. पहिल्या ठिकाणी इंग्रजीत बोलताना अडखळली आणि नाकारली गेली. तेव्हा ती माझ्याकडे येऊन खूप रडली. मी तिला एवढंच विचारलं की लेखी परीक्षेत किती पडले. चांगले पडले होते. मग आम्ही बोलण्याचा सराव केला, टिपण समोर ठेवून 'हा कोड का लावला' हे इंग्रजीत सांगण्याचा. तिला स्वतःबद्दल बोलायला जमत नव्हतं, टिपणाबद्दल छान जमलं. पुढच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून घेतलं, दिवसपाळी.

काम सोपं नाही. तासाला ठरावीक टिपणं आणि ९५ टक्के अचूकता सांभाळायची असते, ट्रेनिंगमध्ये त्याखाली गेलं की पुन्हा तपासणी. डोळे दुखतात, मान आखडते. सुरुवातीचा पगार क्लासच्या जाहिरातीत दाखवतात तसा अजिबात नाही. हे तिला आधीच ठाऊक होतं, म्हणून ती टिकली असं मला वाटतं.

परवा तिच्या आईचा फोन आला. कंपनीने दोन वर्षांच्या बाँडवर सही मागितली होती आणि पदवीचं मूळ प्रमाणपत्र जमा करा म्हणत होते. सही करू द्यायची का? मी म्हटलं, ताई, मूळ प्रमाणपत्र दाखवायचं आणि परत घ्यायचं, ठेवून यायचं नाही. बाँडमध्ये मध्येच सोडलं तर किती पैसे भरायचे, आणि कंपनीने काढलं तर काय, ही दोन कलमं शोधा. कागद घरी आणा, तिच्या बाबांना एकेक ओळ वाचून दाखवा. आणि सही तिलाच ठरवू द्या, नियमांचं वाचन आता तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येतं.