एक्सेल म्हणतं ३००, मुलगी म्हणते ३२१

प्रश्न: नमस्कार सर, माझी मुलगी सातवीत आहे. तिने १११११११११ गुणिले १११११११११ हा गुणाकार वहीत केला तर उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३२१. मी ऑफिसात एक्सेलमध्ये केलं तर शेवटी ३२१ च्या जागी ३०० येतंय. कोणाचं खरं धरायचं?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर: मुलीचंच खरं, अगदी शंभर टक्के! १ ने संपणाऱ्या संख्येचा वर्ग १ नेच संपणार, शेवटी दोन शून्यं येतीलच कशी? झालंय असं की एक्सेल कुठल्याही आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं आणि पुढे शून्यं भरतं, तुमचं उत्तर १७ अंकी आहे म्हणून २१ गेले, आणि वाईट म्हणजे एरर पण दाखवत नाही. (१६ अंकी कार्ड नंबरचाही शेवटचा अंक असाच शून्य होतो, म्हणून तो टेक्स्ट म्हणूनच टाकत जा.)

अजून खात्री हवी असेल तर अंकांची बेरीज करा. १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे त्याला ९ ने भाग जातो, म्हणजे वर्गाला ८१ ने, आणि म्हणून ९ ने तर जायलाच पाहिजे. मुलीच्या उत्तराची बेरीज बरोब्बर ८१ येते, एक्सेलच्या उत्तराची ७८, आणि ७८ ला ९ ने भागच जात नाही, सापडली की चूक!

आता वहीतली मांडणी परत बघा. एकाखाली एक नऊ ओळी, सगळ्या एकच्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या उभ्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन, मधोमध नऊ आणि मग परत उतरत एकावर, कुठेच हातचा नाही म्हणून उत्तर उलटसुलट सारखंच वाचता येतं.

आणि हे आपल्या नाशिककरांनी तर माहीत करून घ्यायलाच हवं, की अशा संख्यांचा अभ्यास केला तो देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणाऱ्या द. रा. कापरेकर सरांनी. त्यांनी यांना डेम्लो संख्या म्हटलं, जीआयपी (म्हणजे आताच्या मध्य) रेल्वेवरच्या एका स्टेशनच्या नावावरून. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर झालं, पण मला स्वतःला डेम्लो जास्त आवडतात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद हे नावही सरांचंच, आणि तुमच्या मुलीची संख्या तीही आहे: ८१ ने भागलं की येतं १५२४१५७८९९७१०४१, जो स्वतः १२३४५६७९ चा वर्ग आहे, त्यात ८ गायब!

मुलीला आता दहा वेळा १ लिहून (११११११११११) त्याचा वर्ग करायला सांगा. मधल्या घरात १० होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असं मोडतं. एक्सेल इथे शेवटचे चार अंक खाईल.