मुलीनं बातम्यांवर खुणा केल्या म्हणून पेपर बंद?

पत्र थोडक्यात: मुलीला बारावी कला शाखेत ६८ टक्के मिळाले. तिला क्राइम रिपोर्टर व्हायचंय, मी एमपीएससीच्या क्लासची फी भरून आलोय. भाषा बरी आहे, चार ओळी लिहील. पण त्यात करिअर कसलं? ती रोज पेपरवर लाल पेनानं खुणा करून 'चोरट्याला अरे-तुरे आणि संचालकाला अहो-जाहो का?' असं विचारत बसते. शेवटी मी पेपरच बंद केला.
– एक पालक, बार्शी

गुणांचं सोडा. मुलीला न विचारता फी भरलीत आणि तिनं नेमका प्रश्न विचारला तर पेपर बंद केलात, याची मला जास्त काळजी वाटते. पेपर उद्यापासून सुरू करा, जमल्यास दोन घ्या.

तिचा प्रश्न बिनतोड आहे. सोनसाखळी चोरणारा 'सापडला', त्याच्या 'मुसक्या आवळल्या'. पतसंस्थेचे संचालक मात्र 'चौकशीला हजर राहिले'. कायद्यानं दोघेही आरोपीच, गुन्हा कुणावरच सिद्ध नाही. चोरट्यानं दागिने 'लांबवले', पण पतसंस्थेत 'अपहार झाल्याचे उघडकीस आले'. केला कुणी, ते वाक्यात कुठंच नाही. संशयित पारधी असला की जात थेट मथळ्यात येते. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, हे मथळे लिहिणाऱ्यांना अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

आता तुमच्या 'चार ओळीं'बद्दल. पोलिसांची प्रेसनोट बऱ्या भाषेत उतरवणं म्हणजे गुन्हेवार्ता नव्हे. ती एका बाजूची कैफियत असते. 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे रोज छापून येतं. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही (भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३). त्या कबुलीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी संबंधित तेवढाच भाग चालतो. हे ठाऊक नसलेला वार्ताहर खटल्याआधीच निकाल छापतो. बलात्कारपीडितेचं नाव गाळलं, पण गल्ली आणि वडिलांचा व्यवसाय छापला, तरी ओळख फुटतेच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

म्हणून माझा सल्ला दोघांनाही रुचणार नाही: आत्ता पत्रकारिता नको, कायदा करू दे. राज्याची सीईटी (प्रवेश परीक्षा), मग पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम. पत्रकारिता त्यानंतर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला करता येईल. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेला पदवी लागतेच, तेव्हा वाटलं तर तीही देईल.

तोवर तिनं सराव करावा. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर मिळतात. लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील वगळलेले असतात. वहीत तीन रकाने आखावेत: फिर्यादीत काय, पोलिस काय म्हणाले, बातमीत काय आलं. बऱ्याचदा तिसरा रकाना दुसऱ्याची नक्कल निघेल. पुढे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर एफआयआर क्रमांकानं खटला शोधून तारखा टिपाव्यात. अटकेला चार कॉलम मिळाले आणि निर्दोष सुटकेला एक ओळही नाही, अशा नोंदी जमल्या तर संपादकापुढे ती वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलेल. बार्शीत कोर्ट आहेच. बहुतेक खटले खुल्या न्यायालयात चालतात, मागच्या बाकावर बसून ऐकता येतं. पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत जा.