छोट्या कॅरव्हान ट्रेलरचा हुकावर किती भार असावा?

तुम्ही विचारलंय की सामानासकट साधारण 800 किलोंची तुमची कॅरव्हान इंदूरहून महेश्वरला नेताना 70 च्या पुढे डोलायला लागते, आणि गॅरेजवाला म्हणतो जड सामान मागे टाका, म्हणजे गाडीच्या हुकावर ताण येणार नाही. तसं मुळीच करू नका. हुकावर दाब कमी पडतोय म्हणूनच ती डोलत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. सामान मागे गेलं की तो दाब आणखी घटेल.

मी इथे ट्रेलरच्या चेसिसचंच काम करतो, आणि हा सल्ला मला वारंवार ऐकू येतो. ऐकायला बरोबर वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा आहे. बैलगाडी उलाळ झाली, म्हणजे मागे जड झाली, की जू वर उचललं जातं, हे आपल्या माळव्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ट्रेलरचंही तेच, फक्त इथे वेग भर घालतो. वजनाचा मध्य ट्रेलरच्या एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे असेल तर शेजारून गेलेल्या ट्रकने दिलेला हिसका एक-दोन झोक्यांत विरतो. तो मध्य मागे सरकत जातो तसतसा झोका विरायला वेळ लागतो, आणि एका वेगानंतर विरतच नाही, वाढत जातो.

किती भार हवा, याचे दोन वेगळे आकडे तुम्हाला सापडतील. अमेरिकेत भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के सांगतात, युरोपात साधारण 5 ते 7. दोन्ही आपापल्या जागी ठीक आहेत, कारण युरोपात ट्रेलर हळू ओढतात. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ताशी 80 किलोमीटर आहे. तुमच्यासाठी मी 80 किलो धरेन. पण आधी गाडीची पुस्तिका आणि टो बारवरची (गाडीच्या मागे हुक बसवलेल्या दांडीवरची) पट्टी बघा. हुकावर चालणारा उभा भार दोन्हीकडे दिलेला असतो आणि त्यातला लहान आकडाच पाळायचा. तो 75 असेल तर 75 च्या आत राहा, ट्रेलरमधलं सामान कमी करा आणि वेगही कमी ठेवा. कारण जास्त भारही वाईट. हुकाचा गोळा, ज्यावर ट्रेलर अडकतो, गाडीच्या मागच्या एक्सलच्या 1.1 मीटर मागे असेल आणि दोन एक्सलमधलं अंतर 2.7 मीटर, तर 80 किलोंनी पुढच्या चाकांवरचे सुमारे 33 किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मोजायला धर्मकाट्याचा, म्हणजे ट्रक मोजायच्या काट्याचा, उपयोग अर्धाच. ट्रेलरचं एकूण वजन तिथे जरूर करा, पण मोठा काटा दहा-वीस किलोंच्या टप्प्यांनी चालतो, त्याच्यावर 80 चा हिशेब लागत नाही. घरातला माणसं मोजायचा काटा घ्या. सपाट जागी चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (दगड किंवा ठोकळे) लावा, काट्यावर फळी ठेवा आणि कपलरच्या (ट्रेलरच्या गोळ्यावर बसणाऱ्या टोकाच्या) अगदी खाली लाकडी टेकू द्या. उंची अशी हवी की जोडल्यावर ट्रेलर जसा उभा राहतो तसाच आत्ताही राहील. पुढचं छोटं चाक काट्यावर ठेवून मोजू नका. ते गोळ्यापेक्षा एक्सलच्या जवळ असतं, म्हणून वजन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

आणि ट्रेलर रिकामा असताना मोजून काही उपयोग नाही. निघायच्या दिवशी जसा भरता तसा भरून मोजा. यातली सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. समजा 60 लिटरची टाकी एक्सलच्या 1.2 मीटर मागे आहे आणि एक्सलपासून गोळा 3 मीटरवर. टाकी भरली की हुकावरून 24 किलो जातात, म्हणजे 80 चे 56 झाले, आणि एकूण वजन मात्र 60 नी वाढलं. अशी टाकी असेल तर रिकामी न्या, पाणी महेश्वरला पोहोचून भरा. टाकी एक्सलच्या पुढे असेल तर उलटं होतं: जाताना ट्रेलर सरळ चालतो आणि परतताना रिकाम्या टाकीने डोलतो.

अजून एक गोष्ट, जी आकड्यात दिसत नाही. मागे 50 किलोंचा जनरेटर टांगला आणि तोल साधायला पुढच्या पेटीत बॅटऱ्या भरल्या, तर काट्यावर 80 बरोब्बर येतील, तरी ट्रेलर वाईट चालेल. दोन्ही टोकांना जड झालेली वस्तू एकदा वळायला लागली की थांबायला तयार नसते. जड सामान खाली, एक्सलच्या लगेच पुढे ठेवा. टोकांना फक्त अंथरुणं-पांघरुणं.

धामनोदच्या आधीच्या गणपती घाटासारख्या उतारावर ट्रेलर गाडीला मागून ढकलतो, म्हणून गिअर उतार लागायच्या आधीच खाली घ्या. तरीही डोलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका. वेग वाढवला की ट्रेलर सरळ होतो असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. वेग उतरला की सुरक्षित जागी थांबून सामान पुढे घ्या.

तुमच्या टाकीची जागा आणि एक्सलपासून गोळ्यापर्यंतचं अंतर इथे लिहा, मी तुमचा हिशेब मांडून देतो.