कुत्र्याचं पोट बिघडलंय? आधी हिरड्या बघा

घाबरू नका. मोठा कुत्रा खेळतोय, पाणी पितोय आणि एक-दोनदाच पातळ शी झाली असेल, तर बहुतेक वेळा दोन दिवसांत सावरतो. पिल्लू असेल तर मात्र वाट बघायची नाही. लसी पूर्ण नसलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब म्हणजे पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूचा आजार, असू शकतो. तडक डॉक्टर, रात्र असली तरी.

ओठ वर करून हिरडीवर बोट दाबा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी चिकट, कोरडी लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय. तेव्हाही डॉक्टरच.

घरी एवढंच करा:
- पाणी थोडं थोडं, पण सारखं.
- मऊ भात आणि बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन. मीठ-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, कुत्र्यांना ते विषारी.
- दिवसातून चार-पाच वेळा, मूठ-मूठ.

नवखे हमखास चुकतात ते दूध-भातात. मीही चुकलो होतो. रात्रभर फरशी पुसत बसलो! दुधाने जुलाब वाढू शकतात. दुसरी चूक घरातल्या गोळ्यांची. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन जिवावर बेततात.

पोट फुगलंय, उबळ येते पण उलटी पडत नाही, असं दिसलं तर भात शिजवत बसू नका, गाडी काढा.

बरा झाला की नेहमीचं खाणं हळूहळू मिसळत आणा.