पूर्वप्राथमिक वर्गात पूर्णवेळ काम करताना बालशिक्षणाची पदवी झेपते का, की नोकरी सोडावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पूर्वप्राथमिक वर्गात पूर्णवेळ मदतनीस आहात, बालशिक्षणाची पदवी घ्यायची मनापासून इच्छा आहे, पण दोन्ही एकदम जमेल असं वाटत नाही. मी मुलांच्या वर्गात काम करता करताच ही पदवी पूर्ण केली. माझं उत्तर स्पष्ट आहे: वर्ग सोडू नका. कामाचे तास कमी करून मिळत असतील तर जरूर घ्या, पण मुलांपासून लांब जाऊन हा विषय शिकू नका.

या अभ्यासक्रमातलं बरंचसं ज्ञान मुलांकडे नीट बघून सुचलेलं आहे. संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळातल्या सहभागाचे सहा प्रकार मांडले, तेही शिशुशाळेतल्या मुलांचं निरीक्षण करूनच. कशातच नसणं, एकट्याने खेळणं, इतरांचा खेळ बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, देवाणघेवाण करत खेळणं आणि सगळ्यांनी ठरवून एकत्र खेळणं. परीक्षेपुरतं हे पाठ करणं सोपं आहे. पण आदल्या रात्री हे वाचून तुम्ही सकाळी वर्गात गेलात आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्याजवळ एक मूल नुसतं उभं दिसलं, तर? एरवी मोठी माणसं त्याला ‘जा ना, खेळ त्यांच्यात’ म्हणून पुढे ढकलतात. तुम्ही थांबाल. ते मूल बघतंय, म्हणजे त्याचं काहीतरी चाललंय, हे तुमच्या लक्षात येईल.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते मुलांची विचारशक्ती कशी वाढते याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांनी आणि त्यांवर झालेल्या टीकेने. बुटक्या, रुंद पेल्यातलं पाणी मुलासमोरच उंच, निमुळत्या पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, आता पाणी तेवढंच आहे का? चार वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे सांगतात की वाढलं. वर्गात करून बघा, मुलांना मजाही येते. पण तिथेच थांबू नका. १९७० च्या दशकात मार्गारेट डोनाल्डसन आणि जेम्स मॅकगॅरिगल या मानसशास्त्रज्ञांनी याच धर्तीचा, वस्तूंच्या दोन सारख्या रांगांचा प्रयोग घेतला. फरक एवढाच की एका रांगेतल्या वस्तू मोठ्या माणसाने हलवायच्या ऐवजी एका खोडकर टेडीने येऊन विस्कटल्या. मग कितीतरी जास्त मुलांनी ‘दोन्ही रांगांत वस्तू तेवढ्याच आहेत’ असं बरोबर उत्तर दिलं. मोठं माणूस मुद्दाम काहीतरी बदलतं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतं, तेव्हा मुलाला वाटतं की आपल्याकडून वेगळं उत्तर हवंय. हे वाचल्यापासून मी मुलांना एकच प्रश्न लागोपाठ दोनदा विचारत नाही. शिवाय एखादं मूल चुकीचं उत्तर देतं, तेव्हा आपला प्रश्न त्याच्या कानाला कसा लागला असेल याचा आधी विचार करते. वर्गात नसते तर हा धडा माझ्यासाठी दहा गुणांचं टिपण ठरला असता.

आता रोजच्या व्यवहाराचं. बहुतेक असाइनमेंट निरीक्षणावर उभ्या असतात, म्हणून खिशात छोटी वही ठेवा. मुलांच्या मध्ये बसून लांबलचक लिहिता येत नाही. दोन-चार शब्द टिपा आणि त्याच दिवशी ते सविस्तर लिहून काढा. दुसऱ्या दिवसापर्यंत मुलाने वापरलेले नेमके शब्द हातातून गेलेले असतात. ‘अमुक चिडखोर आहे’ ही नोंद होत नाही. ‘शेजारच्याने लाल ठोकळा उचलला, त्याने आपला मनोरा पाडला आणि टेबलाखाली जाऊन बसला’ ही नोंद. अनुमान काढा, पण वेगळ्या रकान्यात. मुलांची नावं लिहू नका, अक्षरं किंवा खुणा वापरा. फोटो किंवा व्हिडिओ हवा असेल तर पालकांची आणि संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या. नोकरी तुमची असली तरी अभ्यासासाठी मुलांची माहिती वापरण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही.

थकव्याबद्दल खोटं बोलणार नाही. लहान मुलांसोबतचा दिवस शरीराला थकवतोच, पण त्याहून जास्त मनाला, कारण दिवसभर दुसऱ्यांचं रडू, राग, भीती सांभाळायची असते. संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्यांसमोरची ओळ डोक्यात शिरत नाही. मी वाचन सकाळी कामाआधी करायचे, आणि संध्याकाळसाठी नोंदी उतरवणं, संदर्भ लावणं असलं हाताचं काम ठेवायचे. सेमिस्टरला विषय कमी घेण्याची सोय असेल तर संकोच न करता घ्या. एक वर्ष जास्त लागलं तरी चालेल. झोप तोडून केलेल्या अभ्यासाची किंमत दुसऱ्या दिवशी मुलं मोजतात. आपला आवाज नकळत चढतो.

सहकाऱ्यांशीही जपून वागा. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की वाचून आपण भारावून जातो (मी तर पार भारावले होते, सदतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाने केवढा विचार करून ठेवलाय!) आणि वर्गप्रमुखांना लगेच काहीतरी सुचवावंसं वाटतं. पण मुलाला स्वतःला जेवढं जमतं आणि थोड्या आधाराने जेवढं जमू शकतं, या दोन्हींमधला, वायगॉट्स्की यांनी मांडलेला पट्टा अनुभवी शिक्षिका नाव न घेता रोज वापरत असतात. त्यांना विचारा, ‘तुम्ही आत्ता मदतीचा हात का काढून घेतला?’ त्यांची उत्तरं थेट तुमच्या असाइनमेंटमध्ये येतील.

खरी अडचण पदवीसाठी मुलांसोबत प्रत्यक्ष करायच्या सरावाच्या तासांची असते, आणि अनेकजणींना ती शेवटच्या वर्षी कळते. बालशिक्षणाचा आवाका साधारणपणे जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचा धरला जातो. तुम्ही काम करता त्या वयोगटाखेरीज दुसऱ्या वयोगटासोबतही सराव करायला सांगतात, बहुधा तान्ह्या किंवा दुडदुडणाऱ्या मुलांसोबत. तो दिवसा असतो आणि तुमची नोकरीही दिवसाच. म्हणून प्रवेशाआधीच विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर मागा: मी जिथे काम करते तिथले तास सरावात धरणार का, आणि किती? माझी वरिष्ठ माझी मार्गदर्शक म्हणून चालेल का, की बाहेरची व्यक्ती लागेल? दुसऱ्या वयोगटाचा सराव सलग करायचा की तुकड्यांत? आधीच्या प्रमाणपत्राचे किंवा अनुभवाचे क्रेडिट मिळतात का? फोनवर कुणी ‘होऊन जाईल हो’ म्हणालं तर त्यावर विसंबू नका. ती व्यक्ती दोन वर्षांनी तिथे असेलच असं नाही.

ही उत्तरं हातात आली की कामाच्या ठिकाणी बोला. नुसती सुट्टी मागू नका, सरावाचे आठवडे कोणते ते आधीच सांगा, आणि त्या काळात तुमच्या वर्गात कोण असेल याची सूचना तुम्हीच घेऊन जा. संस्थेत लहान वयाचा गट असेल तर काही आठवडे तिथे बदली मागून बघा. विद्यापीठ मान्य करत असेल तर पगार न बुडवता सराव पूर्ण होतो. संस्थेने साफ नकार दिला, तर ज्या अभ्यासक्रमात सराव मोठ्या सुट्टीत करता येतो तो शोधा, भले तो थोडा कमी नावाजलेला असला तरी.