टीएससी वापरण्याआधी कर्नलला विचार

भाऊ, वेळ मोजायला थेट टीएससी (प्रोसेसरमधला टाइम स्टॅम्प काउंटर) वाचायच्या आधी लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, काय म्हणतो ते बघ. ‘प्रोक’ फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलच्या फ्लॅग्जमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या क्षमतांच्या यादीत, ‘कॉन्स्टंट टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप टीएससी’ दोन्ही हवेत. पहिला असला की प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी बदलली तरी काउंटरचा वेग तोच राहतो. जळगावच्या मे महिन्यात लॅपटॉप तापून मंदावतो, तेव्हा हे नेमकं कामाला येतं. (मात्र त्या काउंटरच्या आकड्याला प्रोसेसरने खरंच चालवलेल्या सायकलींची संख्या समजू नकोस!) दुसरा असला की प्रोसेसर गाढ झोपेत गेला तरी काउंटर थांबत नाही.

पण फ्लॅग असूनही कर्नल टीएससीला अस्थिर ठरवून एचपीईटी या दुसऱ्या हार्डवेअर टायमरकडे वळू शकतो. म्हणून ‘सिस’ फोल्डरमधली ‘करंट क्लॉकसोर्स’ फाइलही वाच, कर्नल सध्या कोणतं घड्याळ वापरतोय ते तिथे कळतं, व्हर्च्युअल मशीनवर तर हमखास. साध्या कामाला ‘क्लॉक गेटटाइम’ या फंक्शनकडून मोनोटॉनिक, म्हणजे कधी मागे न जाणारी, वेळ घेतलीस तरी पुरे.